मोरीचं खालचं तोंड

पावसाचा हिशेब मांडायला बसलं तर पुणे जिल्ह्यातला आंबेगाव हा एक तालुका राहत नाही. भीमाशंकरच्या रानात आणि आहुपे खोऱ्यात आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. घोडेगाव मागे टाकून मंचरकडे यावं तसा पाऊस विरळ होत जातो, आणि अवसरी बुद्रुक, पारगाव या पूर्वेच्या पट्ट्यात भर पावसाळ्यातही माणसं आभाळाकडे बघत बसलेली असतात. पश्चिमेकडच्या माणसाला पाण्याची वाट काढून ठेवणं हे ठरलेलं काम आहे. मृग जवळ आला की घराभोवतीचा चर मोकळा करायचा, पागोळ्यांचं पाणी जोत्याशी मुरणार नाही असं बघायचं, गोठ्यामागून खाचराकडे उतार काढायचा. हे त्याला कुणी शिकवत नाही आणि त्याची कुठे दवंडीही पिटत नाहीत. आमच्याकडे पूर्वेला हे होत नाही. चार महिन्यांतले निम्म्याहून जास्त दिवस कोरडे जातात, मग आठवण कोण ठेवणार?

पण कमी पाऊस म्हणजे हळू पाऊस नव्हे. आमच्याकडे वर्षाच्या पावसातला मोठा वाटा वळवाच्या नाहीतर परतीच्या मोजक्या संध्याकाळींत पडून जातो. दुपारभर घामाच्या धारा, चारच्या सुमाराला एका बाजूनं आभाळ काळंनिळं होतं, वारा सुटतो, वीज जाते आणि तासाभरात सगळं होऊन जातं. त्या तासात रस्त्यावर किती पाणी पडतं याचा हिशेब मी एकदा मुलांना वर्गात करायला दिला होता. गावातला साधा एकेरी डांबरी रस्ता पावणेचार मीटर रुंद असतो. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर असल्या एक किलोमीटर रस्त्याच्या नुसत्या डांबरावर १,८७,५०० लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ एकोणीस टँकर. वरच्या अंगाचं एक एकर रान त्याच वेळात सुमारे दोन लाख लिटर झेलतं. रान नांगरून तापत पडलेलं असेल तर त्यातलं पुष्कळ पिऊन टाकतं. उसाला कालच पाणी दिलेलं असेल तर बरंचसं तसंच रस्त्याकडे सोडून देतं. मुलांनी उत्तर काढलं आणि एकानं विचारलं, "गुरुजी, मग हे सगळं जातं कुठं?"

जातं कुठं, हे रस्ता आखणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. रस्ता मधे किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. दर मीटरला दोन-अडीच सेंटिमीटरचा उतार, चालताना पायाला कळतही नाही. डांबराच्या बाहेर मुरमाची साइडपट्टी, ती आणखी थोडी उतरती. तिच्या पलीकडे चारी. चारी मोरीला भेटते, मोरी पाणी रस्त्याखालून पलीकडे काढते, ते ओढ्याला लागतं आणि ओढा पुढे घोड नदीला. यातलं एक जरी तुटलं तरी पाणी थांबत नाही, ते फक्त आपली वाट बदलतं, आणि ती नवी वाट बहुधा कुणाच्या तरी ओसरीतून जाते. शिवाय जे पाणी निघून जात नाही ते रस्ता खातं. डांबराला ऊन सोसतं, वजन सोसतं, साचलेलं पाणी सोसत नाही. कडेला तुंबलेलं पाणी आडव्या वाटेनं भरावात शिरतं, खालची काळी माती फुगते, वरून उसाची भरलेली ट्रॉली जाते आणि डांबराला तडा पडतो. पहिल्या पावसात पडलेल्या खड्ड्यांबद्दल आपण डांबराला आणि ठेकेदाराला नावं ठेवतो. ती बऱ्याचदा खरीही असतात. पण खड्डा जिथं पडला त्याच्या दोन्ही बाजूंना चारी आहे का, हे बघायला गाडीवरून कुणी उतरत नाही.

मंचरकडून गावाकडे येताना उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एक मोरी आहे. तिथं मी पावसाळ्यात मुद्दाम उतरून बघतो. मोरी म्हणजे सिमेंटचा एक नळा, वर दगडी कठडा, कठड्यावर कधीकाळी मारलेल्या चुन्याचा पुसट पांढरा पट्टा. वरच्या तोंडातून आत दोन काळे पाइप गेलेले दिसतात. रस्त्याच्या एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला रान. पाणी पलीकडे न्यायचं तर रस्ता फोडायला हवा, त्याला परवानगी हवी, भरपाईचे पैसे हवेत. मोरी म्हणजे आयतं भोक. एकानं पाइप घातला, दुसऱ्यानं त्याच्याशेजारी आपला. पाइप नळ्याच्या तळाशी बसलेले नाहीत, मधोमध लोंबतात. पहिल्या जोराच्या पाण्याबरोबर पाचट येतं आणि या पाइपांवर आडवं अडकतं. पाचटात कांद्याची फाटकी जाळीदार गोणी गुंतते, ठिबकच्या कुजलेल्या नळ्या, मल्चिंगचा चंदेरी कागद, गुटख्याच्या पुड्या. या गाळणीमागे मग माती बसायला लागते. नळा निम्म्यापर्यंत गाळानं भरला तर निम्मं पाणी तरी जावं असं वाटतं, पण जातं त्याहूनही कमी, कारण उरलेल्या पाण्याला गाळाच्या रुंद पाठीवर घासत जावं लागतं आणि त्याचा वेगच पडतो. रस्त्यावरून यातलं काही दिसत नाही. कठडा शाबूत, चुन्याचा पट्टा जागेवर, मोरी कागदावर सुस्थितीत.

हे पाइप टाकणारे कुणी वाईट लोक नव्हेत. त्यांतल्या एकाच्या बांधावर बसून मी चहा प्यालो आहे. डिंभे धरण झालं, कालव्याचं पाणी खाली आलं, एका पिकाच्या रानात दोन आणि तीन पिकं निघायला लागली, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. जमिनीला किंमत आली तशी ती रस्त्याच्या कडेपर्यंत कसली जायला लागली. आधी साइडपट्टीवरची बाभळ गेली, मग बांध हातभर सरकला, मग चारीतच नांगराचं शेवटचं तास पडायला लागलं. घराघरांपुढचा प्रकारही असाच. ट्रॅक्टर दारात घ्यायचा म्हणून एकानं चारीत सहा इंची पाइप टाकून वर मुरूम ओतला. त्याच्या खालच्यानं चार इंची टाकला, कारण त्याच्याकडे तोच पडून होता. पुढे दुकान आहे. गिऱ्हाइकाला चिखल नको म्हणून तिथं थेट फरशी. आता वरच्या सहा इंचीतून आलेलं पाणी खालच्या चार इंचीत कसं मावणार, हे मुळात कुणी कुणाला विचारलेलंच नाही. प्रत्येकानं आपल्या दारापुरतं बघितलं, आणि दारापुरतं ते बरोबरच होतं. तुंबलेली चारी ही निष्काळजीपणामुळे तुंबते असं आपण म्हणतो. मला तसं वाटत नाही. ती सोयींमुळे तुंबते. त्यातली प्रत्येक सोय कुणीतरी पदरचे पैसे घालून, विचार करून केलेली असते. म्हणूनच ती काढून टाका म्हटलं की भांडण होतं.

त्यात रस्ता दर खेपेला थोडा वर येतो. जुना थर उकरून नवा टाकण्याऐवजी जुन्यावर नवा, त्यावर पुन्हा खडी. ज्या घरांत दोन पायऱ्या चढून जायचं, त्यांत आता एक पायरी उतरून जावं लागतं. घर जागेवरच आहे, खोलगट भाग मात्र त्याच्या वाट्याला आला.

माझ्या लहानपणी आमच्या रस्त्याला एक मैलकुली होता. बांधकाम खात्याचा माणूस, त्याच्याकडे रस्त्याचा ठरलेला तुकडा. खाकी शर्ट, फावडं, घमेलं, टिकाव, आणि पावसात खोळ. कडेच्या चिंचा-लिंबांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचं कामही त्याचंच, त्यामुळे आम्हा पोरांना तो रंगवणारा म्हणूनच ठाऊक होता. मोठेपणी कळलं की रंग हे त्याचं सगळ्यांत बिनमहत्त्वाचं काम. खरं काम पाऊस सुरू झाल्यावर असायचं. लोक आडोशाला पळत तेव्हा हा बाहेर पडायचा. जिथं डांबराच्या कडेला पाणी थबकलेलं दिसे तिथं साइडपट्टीला फावड्यानं तिरका काप काढून पाणी चारीत सोडायचा. चारीत झुडूप आडवं आलं असेल तर तेवढंच छाटायचा. उन्हाळ्यात चारी उकरताना तो नेहमी ओढ्याच्या बाजूनं सुरुवात करून वर गावाकडे सरकत यायचा. मी विचारलं होतं, उलटं का? म्हणाला, "खालनं वर यायचं, बाळा. वरनं खाली गेलं की आपलाच गाळ आपल्या म्होरं येतो. आन् खालचं त्वांडच बुजलेलं असंल तर वर उकरून काय उपेग?"

हे मी पुढे अभियंत्यांच्या तोंडूनही ऐकलं, जरा जड भाषेत. पण त्या माणसाकडे आणखी एक होतं, जे कुठल्या नकाशात नसतं. त्याला त्याच्या मैलातलं पाणी ठाऊक होतं. कुठल्या रानातून गढूळ येतं आणि कुठल्या रानातून नितळ, कुठली मोरी अर्ध्या तासात भरते, कुठं रस्ता कोरडा दिसला तरी खालून पाझरतो. हे ज्ञान पावसात उभं राहिल्याशिवाय मिळत नाही. आजची सफाई कोरड्या मे महिन्यात जेसीबीनं होते. यंत्र एका दिवसात काम उरकतं, ते मैलकुलीला महिनाभर पुरलं असतं. पण कोरड्या चारीत पाणी कुठं अडेल हे कळत नाही. बादली सरळ ओरबाडत जाते, चारीचा तळ मधेच खोल, मधेच उंच होतो, आणि उतार हा प्रकारच उरत नाही. खोल झालेल्या जागी मग डबकं, डबक्यात डास. काढलेला गाळ कडेलाच ढीग करून ठेवलेला, तो पहिल्या सरीला पुन्हा आत.

मैलकुली हळूहळू गेले. एकदम कुणी काढलं नाही. रोजंदारीवरच्या माणसांना १९६७ च्या कालेलकर करारानं कायम व्हायची वाट मिळाली होती. पाच वर्षं नोकरी झाली की माणूस आस्थापनेवर यायचा, पेन्शनीचा हक्कदार व्हायचा. तशी माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागी नवी आली नाहीत. काम ठेक्याकडे गेलं. ठेका वाईटच असतो असं नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली तेव्हा तिच्यात एक शहाणपणाची अट होती: रस्ता बांधील त्यानंच पाच वर्षं तो राखायचा, आणि त्या राखण्यात गटारं, मोऱ्या साफ ठेवणंही आलं. रस्त्याच्या तोंडाशी जो फलक असतो त्यावर देखभालीचे पैसे वर्षवार लिहिलेले असतात. बहुतेक लोक त्यावरचा बांधकामाचा आकडा वाचतात आणि ठेकेदाराचं नाव. खालच्या ओळी वाचल्या तर निदान विचारता तरी येईल.

एवढं होऊनही चारी साफ करणं हे मातीचं काम राहिलं असतं तर गावानं ते कसंही निभावलं असतं. ओढ्याचा बांध फुटला तर पंधरा माणसं फावडी घेऊन जमतात, मी बघितलं आहे. चारीसाठी ती जमत नाहीत त्याचं कारण वेगळं आहे, आणि त्याबद्दल गावात मोकळं बोललं जात नाही. चारीत पूर्वी पावसाचं पाणी जायचं. आता बारमाही सांडपाणी जातं. घरोघर नळ आले ही चांगलीच गोष्ट, पण नळाच्या पाण्याबरोबर तेवढंच भांड्यांचं, न्हाणीचं, धुण्याचं पाणी बाहेर पडायला लागलं. परसातली केळ-अळू तेवढं पिईना, परसही राहिलं नाही. मग ते रस्त्याकडेच्या चारीत सोडलं. पुढे शौचालयं झाली. टाकी भरली की वरचं पाणी कुठं काढायचं? त्याच चारीत, रात्रीचा एक पाइप जोडून. पावसाची चारी आणि घाणीचं गटार हे दोन एकमेकांत मिसळले, आणि ज्या दिवशी ते मिसळले त्या दिवशी गावातल्या नव्वद टक्के हातांनी फावडं खाली ठेवलं.

कारण माती कुणीही उपसतो, पण घाण कुणी उपसायची हे आपल्याकडे जन्मावरून ठरलेलं होतं. मैलकुली कुठल्याही जातीचा असायचा आणि त्याच्या कामाला कुणी नाक मुरडायचं नाही. गावातलं गटार मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तीच्या माथी होतं. त्या वस्तीतली मुलं शिकली, त्यांनी ते काम सोडलं, आणि ते त्यांनी अगदी योग्य केलं. २०१३ चा कायदाही त्यांच्याच बाजूनं आहे: ज्या उघड्या गटारात शौचालयाची घाण सोडलेली आहे ते हातानं साफ करून घेणं हा त्या कायद्यानं गुन्हा ठरतो. म्हणजे आपण दारासमोरच्या चारीला टाकीचा पाइप जोडतो तेव्हा ती चारी माणसानं साफ करण्याजोगीच ठेवत नाही. आणि पुढे म्हणतो, हल्ली कामाला माणूस मिळत नाही. गाडगेबाबा गावात आले की कीर्तनाआधी खराटा घेऊन गल्ल्या आणि गटारं साफ करत. त्यांच्या नावानं २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात आमच्या आसपासच्या गावांनीही हिरीरीनं भाग घेतला होता, तपासणी समिती यायची त्या दिवशी रांगोळ्या निघायच्या. गावं खरोखर स्वच्छ झाली, मी ते नाकारत नाही. बाबांनी स्वतः गटारात उतरून मोडलेली गोष्ट मात्र रांगोळीला जमली नाही.

उपाय फार अवघड नाही: दोन पाणी वेगळी करायची. न्हाणीच्या पाण्याला परसात किंवा गल्लीत शोषखड्डा, टाकीला तिचा स्वतःचा, चारीत फक्त पाऊस. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घराघरांत शोषखड्डे घेऊन उघडी गटारंच संपवली आणि डासही. आमच्या काळ्या मातीत खड्डा तितका चांगला शोषत नाही, मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं, ही अडचण खरी. पण मग अडचण सोडवायला खर्च करावा. तसं होत नाही, कारण खर्च दिसणाऱ्या गोष्टीवर होतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या पैशांतला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिलेला होता. सांडपाण्याचं काँक्रीटचं गटार त्यात बसतं, त्याचा नारळ फुटतो, फोटो निघतो. पण ते गटार आकारानं न्हाणीच्या पाण्यापुरतं आणि त्याच्यावर येऊन पडतो वळवाचा अख्खा रस्ता. उतार पुरेसा नसला तर उन्हाळ्यात त्यातून जाणारी सांडपाण्याची बारीक धार माती पुढे नेत नाही, जागीच बसवते. पाऊस येतो तेव्हा गटार आधीच निम्मं भरलेलं असतं. आणि साफसफाईचा नारळ अजून तरी कुठं फुटलेला ऐकला नाही.

मग जबाबदारी कुणाची, हा प्रश्न ग्रामसभेत दरवर्षी निघतो आणि दरवर्षी तिथंच राहतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत रस्ते, गटारं, बांध, पूल यांची बांधणी आणि देखभाल ग्रामपंचायतीच्या कामांत लिहिलेली आहे. पण गावातून जाणारा मोठा रस्ता असेल जिल्हा परिषदेचा, नाहीतर बांधकाम खात्याचा. ओढ्याचा विषय निराळा, कालव्याच्या चारीचा आणखी निराळा. पुणे-नाशिक महामार्गाला मंचरपाशी बाह्यवळण झालं, तिथला भराव हे आणखी एक खातं. पाणी काही मिनिटांत या सगळ्यांच्या हद्दी ओलांडून जातं. प्रत्येकाकडे आपापल्या हद्दीपुरतं उत्तर असतं, आणि ते उत्तर खोटंही नसतं.

शेतातल्या पाण्याला मात्र एक जुना कायदा आहे, त्याचा वापर मला नेहमी कुतूहलाचा वाटत आला. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. वरच्या रानातून नैसर्गिकपणे वाहत येणाऱ्या पाण्याला कुणी बेकायदा अडथळा केला आणि त्यानं शेतीचं नुकसान होत असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतो; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. घोडेगावच्या कचेरीत या कलमाखाली येणारे दावे बहुतेक रस्त्याचे असतात, शेतात जायची वहिवाट अडवली म्हणून. पाण्याचे कमी. लोकांना कलम माहीत नसतं हे एक कारण. दुसरं असं की सहा महिने हा काळ फसवा आहे. बांध कुणी डिसेंबरात सरकवला तर पाणी तुंबलेलं दिसायला जून उजाडावा लागतो. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं: अडथळा करणारा हा बहुधा चुलतभाऊ असतो. पावसाचं पाणी एक दिवस घरात आलेलं चालतं, घोडेगावला तारीख लागलेली चालत नाही. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, पाणी काय, वसरून जातंय. भावकी वसरत न्हाय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शहरांत हीच गोष्ट मोठ्या आकाराची होते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हाची पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबानं बांधलेली. नंतर माधव चितळे समितीनं शहराच्या पाण्याच्या वाटा तपासल्या आणि मिठी नदीचं काय करून ठेवलं आहे हे सगळ्यांना कळलं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, आणि त्या रात्रीच्या पावसानं शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसं नेली. तो थोड्या तासांत कोसळणारा पाऊस होता, आमच्याकडे पडतो तसला. माणसं विचारत होती, इथं ओढा कधी होता? ओढा तिथं पेशव्यांच्याही आधीपासून होता. माळीणचं नाव मी या यादीत घेणार नाही. ३० जुलै २०१४ ला आमच्याच तालुक्यात डोंगराचा कडा त्या गावावर आला, १५१ माणसं गेली. ते दुःख निराळं आहे आणि त्याचा दाखला देऊन गटाराचं महत्त्व पटवणं मला बरं वाटत नाही. आमच्याकडे गटार तुंबून माणूस मरत नाही. धान्याची कणगी भिजते, चाळीतला कांदा खालून सडतो, शेळीचं करडू दगावतं, लहान पोरांना महिनाभर ताप येत राहतो. त्याची बातमी होत नाही, पंचनामाही बहुतेक वेळा होत नाही.

२०२५ साली एक नवी अडचण समोर आली. आमच्या सगळ्या तयारीची तारीख ७ जून, मृगाची. मेच्या शेवटी जेसीबी लावायचा, पहिल्या आठवड्यात गाळ उचलायचा, असं चालत आलेलं. त्या वर्षी मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचले. मुंबईत त्याआधीच्या ७५ वर्षांत मोसमी पाऊस इतक्या लवकर आला नव्हता. त्याआधीच अवकाळीनं झोडपलेलं. आपल्याच जिल्ह्यात बारामती, इंदापूर, दौंडकडे मे महिन्यात घरांत पाणी शिरलं, नीरा डावा कालवा फुटला. काम कुणी टाळलं होतं असं नाही, कामाची तारीखच चुकली. म्हणून मला वाटतं वर्षातून एकदा मोठी सफाई करण्यापेक्षा तीनदा छोटी करावी: शिमगा झाल्यावर एक, पहिल्या जोराच्या पावसानंतर लगेच एक, आणि गणपती बसले असताना, परतीच्या पावसाआधी एक. मधली सगळ्यांत महत्त्वाची, कारण त्या वर्षी पाणी कुठं अडणार हे पहिल्याच पावसात कळलेलं असतं. त्याला पूर्ण दिवस लागत नाही. दोन माणसं, दोन फावडी, आणि प्रत्येक मोरीपाशी खाली उतरण्याची तयारी. गावात रोजगार हमीच्या कामाला येणारी माणसं आहेत, पावसाळ्यात त्यांना काम कमी असतं. पावसाळ्याचे चार महिने एका माणसाकडे गावच्या हद्दीतला रस्ता सोपवावा, त्याला बरा पगार आणि गमबूट द्यावेत, एवढी एकच मागणी मी ग्रामसभेत मांडत आलो आहे. "म्हणजे परत मैलकुली ठेवायचा का?" असं एकानं हसत विचारलं. हो, तेच म्हणतो आहे.

पाइपांचं मात्र एक प्रकरण निकालात निघालं. त्या मोरीतले दोन पाइप काढा असं सांगून कुणी काढले नसते. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यानं वेगळीच तोड सुचवली: दोन्ही पाइप नळ्याच्या एका कडेला, वर छताला चिकटवून, लोखंडी पट्टीनं आवळायचे, म्हणजे तळ आणि मध्य मोकळा. वेल्डिंगवाल्याचे पैसे तिघांनी मिळून भरले. नंतरच्या पावसात पाचट अडकलं ते पूर्वीच्या मानानं फार थोडं, तेही काठीनं ओढून निघण्याजोगं. निघालेला गाळ तीन दिवस कडेला पडून होता. त्यातल्या प्लॅस्टिक नसलेल्या ढिगाला लगेच गिऱ्हाईक मिळालं, एकानं ट्रॉली लावून तो आपल्या माळावर टाकायला नेला. मल्चिंगचा कागद आणि ठिबकच्या नळ्या मिसळलेला ढीग अजून तिथंच आहे. तो फुकटही कुणाला नको आहे, आणि येत्या पावसाआधी तो उचलायचा कुणी यावर सध्या बोलणं चालू आहे.